नफा-तोटा आणि जय-पराजय

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ३८ व्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला तीन जोड्या समान मानावयास सांगितले आहे. सुख आणि दुःख ही पहिली, लाभ आणि अलाभ ही दुसरी, जय आणि पराजय ही तिसरी. तिसरी जोडी रणांगणावर उभ्या असलेल्या वीराची आहे, आणि पहिली प्राणिमात्राची. मधल्या जोडीचा तेथील अर्थ राज्याचा लाभ वा अलाभ असाच घ्यावयाचा. तथापि हे शब्द कानी पडताच आपल्यासारख्या संसारी माणसाच्या डोळ्यांपुढे हस्तिनापूरचे सिंहासन उभे राहत नाही, आपली खातेवही उभी राहते. व्यापाऱ्याचा लाभ आणि योद्ध्याचा जय एकाच ओळीत शेजारी शेजारी बसविणाऱ्या भगवंतांना या दोघांच्या मनाची दुखणी सारखीच दिसली असली पाहिजेत.

हा विचार सुचण्यास निमित्त घडले ते असे. आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ आहेत. तालुक्याच्या गावी त्यांचे वाणसामानाचे दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाईक बांधलेले, नित्य प्रातःकाळी गीतेचा एक अध्याय वाचून मगच दुकानाचे कुलूप काढावयाचे, असा त्यांचा नेम. अलीकडे धंद्याला उतरती कळा लागली. मोठी दुकाने आली, माल घरपोच मिळू लागला, आणि जुनी गिऱ्हाइके केवळ उधारीपुरती उरली. त्यांचा मुलगा शिकलेला आहे. तो वडिलांना नामवंत खेळाडूंच्या गोष्टी सांगतो आणि म्हणतो, "बाबा, दुकानदाराने या लोकांकडून शिकले पाहिजे. जिद्द सोडायची नाही. हरलो असे म्हणायचेच नाही." एके दिवशी हे गृहस्थ सत्संग आटोपल्यावर मागे थांबले आणि म्हणाले, "आपण फळाची आशा सोडण्याविषयी सांगता. मुलगा फळासाठी जिवाचे रान करा म्हणून सांगतो. पण खरे सांगू? दोघांचेही बोलणे मला परवडत नाही. खेळाडू हरला तर चार वर्षांनी पुन्हा मैदानात उतरतो. मी हरलो तर बँकेचा हप्ता थांबतो, आणि घरात चार माणसे आहेत. मी फळाकडे पाहू नये तर पाहावे तरी कशाकडे?"

हा प्रश्न विनोदाने उडवून देण्यासारखा नाही. निष्काम कर्मावर लिहिणारे बोलणारे आपण लोक पुष्कळदा ज्याच्या घरी पहिल्या तारखेस नियमाने वेतन येते अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बोलतो. ज्याला रोज सकाळी आपली भाकरी बाजारातून नव्याने मिळवावयाची आहे, त्याला फलत्यागाचा उपदेश करण्यापूर्वी थोडे थांबावे लागते.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की खेळाडू आणि दुकानदार यांचे साम्य एका ठिकाणी मुळीच लागू पडत नाही. शर्यतीत एकाने पहिले येण्यासाठी इतर सर्वांनी मागे पडावेच लागते. व्यापाराचा धर्म तसा नाही. एका आळीत दोन वाणी सुखाने नांदू शकतात. किंबहुना धान्याच्या पेठेत दहा दुकाने एका ओळीत असतात म्हणूनच गिऱ्हाईक त्या पेठेत येते. शिवाय विकणारा आणि घेणारा हे काही प्रतिस्पर्धी नव्हेत. सौदा खरा असेल तर दोघेही काही मिळवूनच घरी जातात. तेव्हा 'शेजाऱ्याला पाडल्यावाचून आपण उभे राहणार नाही' हा धडा जर कोणी खेळाडूंच्या चरित्रातून काढीत असेल तर तो चुकीचा धडा आहे. आणि खरे थोर खेळाडू तर असा धडा देतही नाहीत. २०२४ च्या ऑगस्टात पॅरिस येथे भालाफेकीच्या अंतिम स्पर्धेत पाकिस्तानच्या अर्शद नदीम यांनी ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक घेतले आणि आपल्या नीरज चोप्रा यांना ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले. त्याच वर्षी काही महिने आधी नदीम यांना चांगला नवा भाला मिळत नाही असे कळले, तेव्हा तो त्यांना मिळावयास हवा असे नीरज यांनी उघडपणे म्हटले होते. आणि स्पर्धा संपल्यावर नीरज यांच्या मातोश्रींनी, जिंकला तोही आपलाच मुलगा, असे उद्गार काढले. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना अद्वेषाला भगवंतांनी अगदी पहिले स्थान दिले आहे, याची येथे आठवण होते. समोरच्या मोठ्या दुकानाकडे पाहून ज्यांचे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही त्यांनी त्या माउलीचे ते शब्द मनात घोळवावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फळाकडे न पाहणे म्हणजे फळाचा विचार न करणे असा अर्थ असता तर नेम धरणाऱ्याला लक्ष्यच पाहता आले नसते. लक्ष्य पाहणे वेगळे आणि पदक पाहणे वेगळे. अभिनव बिंद्रा यांचे उदाहरण घ्या. २००४ साली अथेन्स येथे १० मीटर एअर रायफल स्पर्धेच्या पात्रता फेरीत ते तिसरे आले होते. अंतिम फेरीत मात्र सातव्या क्रमांकावर घसरले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की त्या फेरीत त्यांच्या पायाखालची फरशी सैल होती. नेमबाजाच्या शरीराचा सूक्ष्मसा कंपही गोळीला वाट चुकवितो. आता यात त्यांचा दोष तो काय? काही नाही. परंतु पुढे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ते फरशीला दूषण देत बसले नाहीत. सराव करताना मुद्दाम तशीच हलणारी फरशी पायाखाली घेऊन उभे राहू लागले. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अंतिम फेरीतील शेवटच्या गोळीपूर्वी ते आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण समसमान होते. बिंद्रा यांच्या त्या गोळीला १०.८ गुण मिळाले, हॅकिनेन यांच्या गोळीला ९.७. भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले, आणि क्षणापूर्वी बरोबरीत असलेला तो दुसरा गृहस्थ तिसऱ्या क्रमांकावर गेला.

अठराव्या अध्यायातील १३ ते १५ या श्लोकांत प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. दुकानदाराच्या भाषेत बोलावयाचे तर जागा, आपण स्वतः, भांडवल आणि तराजू-काटा, रोजची उलाढाल, आणि मग पाऊसपाणी, सरकारी धोरण, रस्त्याचे काम, साथीचा रोग असे जे आपल्या हातचे नाही ते सर्व. जो म्हणतो 'सारे दैवाने झाले' तो चार कारणे विसरतो. जो म्हणतो 'सारे मीच केले' तो पाचवे विसरतो. आणि भगवंतांनी पुढच्याच श्लोकात अशा माणसाला दुर्मती म्हटले आहे. बिंद्रांच्या फरशीची गोष्ट मला आवडते ती यासाठी की त्यांनी दैवाचा भाग नाकारला नाही, पण तो उचलून चेष्टेच्या खात्यात जमा केला. काल जे अकस्मात आले त्याची आजपासून सवय करावयाची. २०१६ साली रिओ येथे तेच बिंद्रा चौथे आले आणि अगदी थोडक्यात पदकाला मुकले, हेही सांगितले पाहिजे. दैवाचे खाते कायमचे कोणाचेच बंद होत नाही.

या ठिकाणी आमच्या गृहस्थांनी मध्येच म्हटले, "त्यांच्या घरी संपन्नता होती. सरावासाठी घरीच जागा होती. आम्हाला कोण देणार?" हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणून दुसरे उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वर गावचे.

खाशाबा जाधव यांचे नाव महाराष्ट्रात तरी कोणाला सांगावे लागू नये. पहिलवान वडिलांच्या हाताखाली, तांबड्या मातीत, त्यांची कुस्ती घडली. १९४८ साली ते लंडनला गेले तेव्हा कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती, आणि नियमही निराळे होते. माती पायाला धरून ठेवते, गादी तशी धरीत नाही. तरीही ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी 'आमची मातीच खरी' असा हट्ट धरला नाही. मातीतला कस तसाच ठेवून त्यांनी गादीचे शास्त्र आत्मसात केले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावयास उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडावयास तेथे आपला कोणी अधिकारी नव्हता, असे सांगतात.

आज छोट्या दुकानदाराच्या पायाखालची माती अशीच बदलली आहे. २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे देण्याची रीत आली, २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला, माल घरपोच पाहिजे म्हणणारी पिढी आली. पुष्कळ जुने व्यापारी या सर्वाकडे अपमान झाल्यासारखे पाहतात. वास्तविक त्यांच्याजवळ जो कस आहे, गिऱ्हाइकाच्या घरातील माणसे ओळखणे, तांदूळ मुठीत घेऊन जुना की नवा ते सांगणे, अडल्या वेळी उधार देणे, तो मोठ्या दुकानाला पैसे ओतूनही विकत घेता येत नाही. परंतु तो कस आता गादीवर चालवून दाखवावयाचा आहे. साठीच्या माणसाने मुलाकडून एखादी नवी रीत शिकण्यात कमीपणा मानू नये. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची रीत सांगताना नम्रता, विचारणा आणि सेवा या तिन्हींची अपेक्षा केली आहे. गुरू वयाने मोठाच असावा अशी अट तेथे नाही.

अभ्यासाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते सर्वांना ठाऊक आहे आणि थोडेच आचरतात. आदिपर्वात अर्जुनाची एक लहानशी कथा आहे. रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी अंधारात हात तोंडाकडेच जातो हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने अंधारात बाण सोडण्याचा सराव सुरू केला. हात इतका वळणी पडावा की दिवा विझला तरी चुकू नये. दुकानदाराच्या बाबतीत हे वळण म्हणजे रोजमेळ. रात्री दहाला पाठ दुखत असताना, गल्ला मोजून, उधारी नोंदवून, शिल्लक जुळवून मगच उठावयाचे. आमच्या गृहस्थांनी मान्य केले की आठ महिन्यांपासून त्यांनी रोजमेळ नीट लिहिलेला नाही, कारण लिहिला की तोटा दिसतो. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे लागते असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. मला वाटते, तोट्याच्या दिवसांतील रोजमेळ हे त्या विषाचे अत्यंत ओळखीचे रूप होय. धावपटू आपला वेळ शतांश सेकंदापर्यंत टिपून ठेवतो तो काही आनंदासाठी नव्हे. १९८४ साली लॉस एंजलिस येथे पी. टी. उषा यांना ५५.४२ सेकंद लागले, तिसऱ्या आलेल्या धावपटूला ५५.४१, तो आकडा त्यांच्या नावापुढे कायमचा लिहिलेला आहे आणि त्याच्यापासून डोळे वळविता येत नाहीत.

डोळे कोठे वळवावेत याचेही एक उदाहरण आहे. ६ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग आरंभी पुढे होते. मध्यावर आपला वेग जरा जास्त होतो की काय असे वाटून तो त्यांनी आवरला आणि इतरांकडे नजर टाकली. तेवढ्यात ते मागे पडले, आणि चौथे आले. फाळणीत मातापित्यांना गमावून, निर्वासित होऊन, सैन्यात धावण्यास शिकलेल्या या माणसाने दोन वर्षांपूर्वी कार्डिफ येथे राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते. परंतु रोमची ती नजर त्यांना २०२१ साली निधन होईपर्यंत सलत राहिली. शेजारच्या दुकानात किती गिऱ्हाईक शिरले हे मोजीत बसणाऱ्याला समोर उभे असलेले गिऱ्हाईक दिसत नाही, इतकेच त्यावरून म्हणतो आणि पुढे जातो.

कारण मला ज्याविषयी मुख्यतः बोलावयाचे आहे तो विषय तराजूचा आहे.

७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगट वजनाच्या काट्यावर उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी त्यांनी तीन कुस्त्या जिंकल्या होत्या, त्यांतली एक अशा जपानी मल्लाविरुद्ध की जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत पराभूत झालेली नव्हती. अंतिम लढत व्हावयाची होती. निदान रौप्यपदक निश्चित होते. रात्रभर त्या जागल्या, व्यायाम केला, पाणी घेतले नाही, केसदेखील कापले. काट्याने ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक दाखविले. त्या स्पर्धेतून बाद झाल्या आणि नियमाप्रमाणे पदकही गेले. पुढे क्रीडा लवादानेही त्यांचे अपील फेटाळले. नियम कठोर आहे किंवा नाही, यावर पुष्कळ वाद झाला, आणि त्या कन्येविषयी कोणाचेही मन कळवळेल. आमच्या गृहस्थांच्या डोळ्यांतही ते सांगताना पाणी आले.

तेव्हा मी त्यांना विचारले, "१०० ग्रॅम म्हणजे किलोचा कितवा भाग?" ते वाणी आहेत, हिशोब त्यांना सांगावा लागत नाही. किलोभर डाळीत १०० ग्रॅम कमी भरणारा दुकानदार आपण सर्वांनी पाहिला आहे. 'सगळेच मारतात, एवढ्याने काय होते' असे म्हणून तो रात्री स्वस्थ झोपतो. खेळातही असे घडते. १९८८ साली सोल येथे बेन जॉन्सन यांनी १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत कापले आणि तीन दिवसांनी, औषधाचे सेवन सिद्ध होऊन, त्यांचे पदक काढून घेतले गेले. सर्व खेळाडू साधू असतात असे समजण्याचे कारण नाही. परंतु खेळात कोणी तरी काटा धरून बसलेला असतो. किराणा दुकानात, शासकीय पडताळणीचे दिवस सोडले तर, काटा धरणारा आणि काट्यावर उभा राहणारा एकच मनुष्य असतो. म्हणून त्याची परीक्षा मल्लापेक्षाही कठीण.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली ऋषी आणि तुलाधार वाणी यांचे आख्यान आहे. जाजलींनी इतके निश्चल उभे राहून तप केले की पक्ष्यांनी त्यांच्या जटांत घरटे बांधले, अंडी घातली, पिले वाढली. त्यांना अभिमान झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुम्हाला अद्याप येत नाही. जाजली तेथे गेले तो हा मनुष्य दुकानात बसून वनस्पती, सुगंधी द्रव्ये आणि अनेक प्रकारचे रस विकीत होता. मद्य मात्र विकीत नव्हता. आपल्या धर्माचे रहस्य त्याने सांगितले ते एवढेच की माझा तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा आहे. मोक्षधर्माच्या प्रकरणात व्यासांनी एका दुकानदाराला तपस्व्याचे गुरुपद दिले आहे, याचा आपण व्यापारी वर्गाने पुरेसा अभिमान बाळगलेला नाही. समत्वाला योग म्हणावे असे दुसऱ्या अध्यायात सांगितले. ते समत्व डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर दोन्ही पारडी स्थिर झालेल्या तराजूइतके दुसरे साधन नाही.

विश्रांतीविषयीही दोन शब्द सांगावेसे वाटतात. शरीराला बळ व्यायामाने येते हे अर्धेच सत्य आहे. व्यायामाने स्नायू शिणतात, आणि त्यानंतरच्या विश्रांतीत व आहारात ते बळकट होतात. यामुळे उत्तम खेळाडूंच्या दिनक्रमात झोप आणि सुटीचा दिवस ही कामाइतकीच नेमलेली असतात. सहाव्या अध्यायात आहार, विहार, चेष्टा आणि निद्रा यांचा योग्य मेळ सांगितला आहे तो ऋषींसाठीच नव्हे. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दुकानात बसून, वर्षात एक दिवस न चुकता, गिऱ्हाइकावर खेकसणारा व्यापारी स्वतःला कष्टाळू समजतो. पत्नीला मात्र तो घरी कधी दिसतच नाही.

इतके बोलणे झाल्यावर त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. ती आरंभी सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बसस्थानकाजवळ त्यांनी दुसरे दुकान भाड्याने घेतले होते. शेजाऱ्याने मोठे दुकान थाटले म्हणून. ते पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे. जुन्या दुकानाचा नफा त्यात जातो, आणि नफा पुरेना तेव्हा पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. मुलगा म्हणतो जिद्द सोडू नका. त्यांनाही वाटते, आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? आणि गीतेत धृती सांगितली आहे ना?

सांगितली आहे, परंतु तीन प्रकारची सांगितली आहे. अठराव्या अध्यायाच्या ३५ व्या श्लोकात तामस धृतीचे वर्णन आहे: जिच्या योगाने मूढ मनुष्य झोप, भय, शोक, विषाद आणि मद सोडीतच नाही. म्हणजे न सोडणे हाच काही गुण नव्हे. काय धरून ठेवले आहे यावर सारे आहे. अभ्यास धरून ठेवला तर ती धृती सात्त्विक. 'लोक काय म्हणतील' हे भय धरून ठेवले तर तीच तामस. त्याच अध्यायाच्या २५ व्या श्लोकात तामस कर्माची लक्षणे दिली आहेत, आणि नवीन धंदा काढणाऱ्याने ती भिंतीवर लिहून ठेवावीत: पुढचा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोहोचणारी पीडा आणि आपले सामर्थ्य, या चारांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म. खेळाडूंच्या गोष्टी सांगणारे पदक मिळालेल्यांच्याच गोष्टी सांगतात. खेळात ज्यांनी वेळीच निवृत्ती घेतली, शरीर बोलू लागले तेव्हा ऐकले, त्यांच्या शहाणपणाच्या गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत.

या चारांपैकी दुसऱ्याला पोहोचणाऱ्या पीडेविषयी मी त्यांना विशेष बोललो. मल्ल पणाला लावतो ते स्वतःचे शरीर. व्यापारी पुष्कळदा पणाला लावतो ते दुसऱ्याचे. खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ते त्यांनी जाणून, स्वखुशीने केले. आणि पदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून त्या पैशातून गुरूंचे घर सोडविले असे सांगतात. कांस्यपदकापेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. याच्या उलट सभापर्वातील द्यूत. धर्मराज एकेक पण हरत गेले, आणि थांबता न आल्यामुळे शेवटी जे पणाला लावण्याचा अधिकार होता की नाही असा प्रश्न उभ्या सभेला पडला ते लावून बसले. तो प्रश्न द्रौपदीने स्वतः विचारला, आणि भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही.

"पाटल्या त्यांनी स्वतः काढून दिल्या," गृहस्थ म्हणाले. "मी मागितल्या नव्हत्या."

"दुकान किती तोट्यात आहे हे त्यांना त्या वेळी ठाऊक होते?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "रोजमेळच नाही, तर तिला दाखविणार काय?"

पंधरा-वीस दिवसांनी त्यांची पुन्हा भेट झाली. त्यांनी आठ महिन्यांचा मेळ पाच रात्री बसून लिहून काढला होता, आणि पत्नीला शेजारी बसवून वाचून दाखविला होता. त्या रागावल्या नाहीत; फक्त म्हणाल्या की हे आधी कळते तर बरे झाले असते. बसस्थानकाजवळचे दुकान या महिनाअखेर मालकाच्या ताब्यात द्यावयाचे ठरले आहे. मुलाने जुन्याच दुकानातून सकाळच्या वेळी माल घरपोच देण्याचे काम अंगावर घेतले आहे, आणि ते कितपत चालेल हे दिवाळीपर्यंत कळेल. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. मी निघालो तेव्हा ते नव्या काट्यावर वजने ठेवून तो पडताळून पाहत होते. जुन्या काट्यात किलोमागे वीस ग्रॅमचा फरक पडतो असे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि तो फरक गिऱ्हाइकाच्या बाजूचा नव्हता.